फिनिशमधली ‘हा-तो’ विभक्तीत चालवताना: तॅमॅ, तुओ, से यांची रूपं पायरीपायरीनं

मराठीत आपण ‘या घरात’ म्हणतो. ‘-त’ हा प्रत्यय फक्त ‘घर’ला लागतो आणि ‘हे’चं नुसतं सामान्यरूप होतं: ‘या’. पुढे घरात, घरातून, घरावर, घराला काहीही येवो, ‘या’ तसाच राहतो. ही सवय आपल्या जिभेत इतकी मुरलेली असते की फिनिश शिकतानाही आपण नकळत तिथलं सामान्यरूप शोधायला लागतो, आणि जवळचं म्हणून ‘तॅमॅन’ उचलतो. मग वाक्य होतं ‘आसुन तॅमॅन तालोस्सा’. ते चूक आहे. बरोबर वाक्य ‘आसुन तॅस्सॅ तालोस्सा’, म्हणजे मी या घरात राहतो. फिनिशला सामान्यरूप नाही. दर्शक सर्वनाम आणि नाम दोघांनाही पूर्ण विभक्ती लागते, प्रत्येकाला आपापली.

वायकेआय (फिनलंडची राष्ट्रीय भाषापरीक्षा) परीक्षेची मधली पातळी गाठू पाहणाऱ्या मराठी मंडळींच्या लिखाणात ही एक चूक बाकी सगळ्या चुकांपेक्षा चिवट दिसते. कोष्टक पाठ असतं, तरी चूक होते, कारण निर्णय चुकीच्या क्रमानं घेतले जातात. म्हणून इथे भर क्रमावर आहे.

## तयारी: सुरू करण्याआधी तीन गोष्टी

लिपीची खूण. या लेखात फिनिश शब्द देवनागरीत आहेत. ‘ॅ’ आणि ‘ॲ’ म्हणजे ‘बॅट’मधला स्वर; फिनिश लिखाणात तो डोक्यावर दोन टिंबं असलेला ‘आ’ असतो. साधा ‘आ’ वेगळा आणि हा वेगळा, यात तडजोड नाही. इथे ‘आ’, ‘ए’, ‘ओ’, ‘ॲ’ एकदा लिहिले असतील तर ऱ्हस्व समजा, दोनदा लिहिले असतील (तालोओन, किर्याआ) तर दीर्घ. इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. जोडाक्षरातलं द्वित्त खरंच दोनदा उच्चारायचं: ‘तॅल्लॅ’मध्ये ल दोन आहेत.

नामाचं अंग, म्हणजे प्रत्यय ज्याला लागतो तो भाग. ‘हा’चं रूप बिनचूक आलं आणि ‘दुकान’चं चुकलं, तरी वाक्य चुकतंच. ‘काउप्पा’ (दुकान) हा शब्द ‘दुकानात’ म्हणताना ‘काउपास्सा’ होतो, एक ‘प’ गळतो. पण ‘दुकानात जाताना’ तो ‘काउप्पाआन’ असतो, प परत येतो. हा व्यंजनबदल नामाचा प्रश्न आहे, सर्वनामाचा नाही. तरी सरावासाठी सुरुवातीला न बदलणारी नामं घ्या: तालो (घर), आउतो (गाडी), किर्या (पुस्तक), बुस्सि (बस), तुओलि (खुर्ची).

क्रियापदासोबत विभक्ती. वहीत नुसतं ‘पितॅॲ = आवडणं’ असं लिहू नका. ‘पितॅॲ + एलातीवि’ असं लिहा (विभक्त्यांची नावं आणि ढोबळ अर्थ चौथ्या टप्प्यातल्या कोष्टकात आहेत). हे केलं नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर अडकणार हे नक्की.

> तपासा: तुमच्या वहीतली कोणतीही दहा क्रियापदं बघा. त्यांच्यापुढे विभक्ती लिहिलेली नसेल, तर आधी ते काम करा.

## टप्पा 1: कोणतं सर्वनाम? अंतर ठरवा

मराठीत दोनच पर्याय, हा आणि तो. फिनिशमध्ये तीन:

- तॅमॅ: बोलणाऱ्याजवळचं. आपला ‘हा/ही/हे’.
- तुओ: दूरचं, पण बोट दाखवता येईल असं. ‘तो बघ, तो समोरचा.’
- से: आधी ज्याचा विषय निघाला आहे ते, किंवा ऐकणाऱ्याच्या बाजूचं.

लिंगाची कटकट नाही, ही एक मोठी सुटका. पण मराठीतला एकटा ‘तो’ इथे दोघांत वाटला जातो आणि घोळ तिथेच होतो. चाचणी सोपी आहे: बोट दाखवता येतंय का? येत असेल तर ‘तुओ’. वस्तू फक्त बोलण्यात असेल तर ‘से’. ‘काल सांगितलं ना, ते पुस्तक’ म्हणजे ‘से किर्या’. बेकरीच्या काचेमागचा पदार्थ दाखवताना ‘ओतान तुओन’ (मी तो घेतो).

ऐकणाऱ्याच्या बाजूचं म्हणजे काय, ते फोनवर नीट कळतं. फिनलंडमधल्या एस्पोमधून नाशिकला फोन लावून ‘तिकडे गरम आहे का?’ विचारायचं असेल तर ‘ओन्को सिएल्लॅ कूमा?’ इथे ‘से’च्या कुळातलं ‘सिएल्लॅ’ लागतं, कारण जागा समोरच्याची आहे. बोट दाखवण्याचा प्रश्नच नाही.

> सावध: मराठीत ‘तो’ माणसालाही चालतो. लेखी फिनिशमध्ये माणसासाठी ‘हॅन’ लिहा. ‘से पोइका’ (तो मुलगा) चालतं, पण मुलाबद्दल लिहिताना एकटं ‘से’ औपचारिक पत्रात खटकतं. बोलण्यात मात्र फिनिश लोक माणसाला सर्रास ‘से’ म्हणतात. ते ऐकून परीक्षेत तसं लिहू नका.

## टप्पा 2: एकवचन की अनेकवचन?

तॅमॅचं अनेकवचन नॅमॅ, तुओचं नुओ, सेचं ने. सुरुवातीचा त किंवा स जाऊन न येतो, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

अडचण फक्त संख्येपाशी आहे. ‘ही दोन पुस्तकं’ म्हणजे ‘नॅमॅ काक्सि किर्याआ’. सर्वनाम अनेकवचनी, पण पुस्तक एकवचनी पार्तितीविमध्ये! आणि ‘या दोन घरांत’ म्हणजे ‘नॅइस्सॅ काह्देस्सा तालोस्सा’: सर्वनाम अनेकवचनी, संख्या आणि नाम एकवचनी, विभक्ती मात्र तिघांची एकच. ‘नॅइस्सॅ काह्देस्सा तालोइस्सा’ लिहिणारे पुष्कळ. नामाला अनेकवचनी करण्याचा मोह आवरा.

## टप्पा 3: विभक्ती कोणती? आधी ठरवा, मग रूप बनवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि हाच सगळे गाळतात. कोष्टकातून रूप काढायच्या आधी विभक्तीचं नाव मनात स्पष्ट हवं. ती चार ठिकाणांहून ठरते.

(क) क्रियापदाची मागणी. मराठी अर्थावरून अंदाज बांधू नका.

- पिदॅन तॅस्तॅ तालोस्ता: मला हे घर आवडतं. (एलातीवि, शब्दशः ‘यातून’)
- ओदोतान तुओता बुस्सिआ: मी त्या बसची वाट बघतो. (पार्तितीवि)
- ओसाल्लिस्तुन सीहेन कुर्स्सीन: मी त्या अभ्यासवर्गात भाग घेतो. (इल्लातीवि)
- आन्नान किर्यान तुओल्ले पोयाल्ले: मी त्या मुलाला पुस्तक देतो. (आल्लातीवि)
- तुओल्ला पोयाल्ला ओन आउतो: त्या मुलाकडे गाडी आहे. (आदेस्सीवि)

(ख) कर्म. फिनिशमध्ये कर्माचं रूप वाक्याचं काय चाललंय यावर बदलतं:

- क्रिया पूर्ण, एकवचन: ओस्तान तॅमॅन किर्यान. मी हे पुस्तक विकत घेतो. रूप गेनेतीविसारखं दिसतं.
- आज्ञा: ओस्ता तॅमॅ किर्या! हे पुस्तक घे! रूप मूळ.
- ‘पाहिजे’ची रचना: मिनुन पितॅॲ ओस्ताआ तॅमॅ किर्या. मला हे पुस्तक घ्यायला हवं. पुन्हा मूळ रूप. (हे ‘पितॅॲ’ म्हणजे वरचंच आवडण्याचं क्रियापद. इथे त्याचा अर्थ ‘हवं’ आणि एलातीविचा पत्ता नाही.)
- नकार: एन ओस्ता तॅतॅ किर्याआ. पार्तितीवि, नेहमी.
- क्रिया चालू: लुएन तॅतॅ किर्याआ. मी हे पुस्तक वाचतोय. संपलं असेल तर लुइन तॅमॅन किर्यान.
- अनेकवचन पूर्ण: ओस्तान नॅमॅ किर्यात. नकारात: एन ओस्ता नॅइतॅ किर्योया.

> सावध: मिनुत (मला), सिनुत (तुला), हॅनेत (त्याला) ही त-कारान्त कर्मरूपं शिकल्यावर काही जण ‘तॅमॅत’, ‘सेत’ असलं काही बनवतात. दर्शक सर्वनामांना असं वेगळं कर्मरूप नाही.

(ग) शब्दयोगी अव्यय. बहुतेक ठिकाणी गेनेतीवि: ‘तॅमॅन तालोन ताकाना’ (या घरामागे), ‘सेन यॅल्केएन’ (त्यानंतर). काहींना पार्तितीवि: ‘सितॅ एन्नेन’ (त्याआधी), ‘तॅतॅ वार्तेन’ (यासाठी). ‘तॅमॅन’ आपल्या सामान्यरूपासारखं वाटतं ते याच रचनांमुळे. ‘या घरामागे’ला ‘तॅमॅन’ बरोबर बसतं, म्हणून आपण ते ‘या घरात’लाही लावतो. तिथे फसतो.

(घ) काळ. इथे तर्क चालवू नका, पाठच करा:

- तॅनॅ वुओन्ना (या वर्षी), तॅनॅ आआमुना (आज सकाळी), तॅनॅ इल्ताना (आज संध्याकाळी): एस्सीवि
- तॅल्लॅ वीकोल्ला (या आठवड्यात), तॅल्लॅ हेत्केल्लॅ (या क्षणी): आदेस्सीवि
- तॅस्सॅ कूस्सा (या महिन्यात): इनेस्सीवि
- सीहेन आइकाआन (त्या वेळी): इल्लातीवि

वर्ष, आठवडा, महिना, तिघांना तीन विभक्त्या. का, असं विचारण्यात वेळ घालवू नका. ‘एन्सि वीकोल्ला’ (पुढच्या आठवड्यात) आणि ‘वीमे वीकोल्ला’ (गेल्या आठवड्यात) यांत ‘एन्सि’ आणि ‘वीमे’ कधीच बदलत नाहीत. त्यांच्याकडे बघून ‘तॅमॅ वीकोल्ला’ करू नका.

> तपासा: विभक्तीचं नाव मोठ्यानं म्हणा. म्हणता येत नसेल, तर चौथ्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा 4: सर्वनामाचं रूप

आता कोष्टक. मराठी अर्थ ढोबळ आहेत.

| विभक्ती | ढोबळ अर्थ | तॅमॅ | तुओ | से |
|---|---|---|---|---|
| नोमिनातीवि | हा, तो | तॅमॅ | तुओ | से |
| गेनेतीवि | याचा, त्याचा | तॅमॅन | तुओन | सेन |
| पार्तितीवि | अपूर्ण कर्म, नकार | तॅतॅ | तुओता | सितॅ |
| इनेस्सीवि | आत | तॅस्सॅ | तुओस्सा | सीनॅ |
| एलातीवि | आतून, विषयी | तॅस्तॅ | तुओस्ता | सीतॅ |
| इल्लातीवि | आत जाताना | तॅहॅन | तुओहोन | सीहेन |
| आदेस्सीवि | वर, च्याकडे, नं | तॅल्लॅ | तुओल्ला | सिल्लॅ |
| आब्लातीवि | वरून, कडून | तॅल्तॅ | तुओल्ता | सिल्तॅ |
| आल्लातीवि | वर जाताना, ला | तॅल्ले | तुओल्ले | सिल्ले |
| एस्सीवि | म्हणून असताना, काळ | तॅनॅ | तुओना | सिनॅ |
| त्रान्स्लातीवि | तसं होताना | तॅक्सि | तुओक्सि | सिक्सि |

‘तुओ’ सरळ आहे: अंग ‘तुओ-’, प्रत्यय लावत जा. ‘तॅमॅ’मधला ‘मॅ’ फक्त नोमिनातीवि आणि गेनेतीविमध्ये टिकतो. बाकी सगळीकडे अंग ‘तॅ-’ एवढंच. ‘तॅमॅस्सॅ’ असं रूप अस्तित्वात नाही.

खरा त्रास ‘से’चा. दोन गोष्टी बघा. एक, आतल्या तीन विभक्त्यांत (सीनॅ, सीतॅ, सीहेन) ई दीर्घ, बाहेरच्या तीनांत (सिल्लॅ, सिल्तॅ, सिल्ले) इ ऱ्हस्व. दोन, आतल्या विभक्त्यांचे प्रत्ययही नेहमीचे नाहीत: ‘-स्सॅ’ऐवजी ‘-नॅ’, ‘-स्तॅ’ऐवजी ‘-तॅ’. त्यामुळे अशा जोड्या तयार होतात ज्यांत फरक फक्त ईच्या लांबीचा:

- सितॅ (पार्तितीवि) आणि सीतॅ (एलातीवि). ‘ओदोतान सितॅ’ म्हणजे त्याची वाट बघतो; ‘पुहुम्मे सीतॅ’ म्हणजे त्याविषयी बोलतो.
- सिनॅ (एस्सीवि) आणि सीनॅ (इनेस्सीवि). ‘सिनॅ इल्ताना’ म्हणजे त्या संध्याकाळी; ‘सीनॅ तालोस्सा’ म्हणजे त्या घरात.

मराठी बोलताना आपण इकाराच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही. इथे तो फरक म्हणजेच विभक्ती. मोठ्यानं वाचा, ई ओढून.

शिवाय काही रूपं दुसऱ्या शब्दांशी तंतोतंत जुळतात. ‘सिनॅ’ म्हणजे ‘तू’सुद्धा. ‘सिल्लॅ’ म्हणजे ‘कारण’, ‘सिक्सि’ म्हणजे ‘म्हणून’, आणि बोलताना अडखळणारा फिनिश माणूस ‘तुओता...’ म्हणतो, आपलं ‘ते हे...’ असतं तसं. ऐकताना गोंधळ झाला तर पुढचं नाम बघा. त्याच विभक्तीतलं नाम असेल तर हे सर्वनाम.

अनेकवचन खूपच शिस्तीचं आहे. अंगं तीन: नॅइ-, नोइ-, नी-.

| विभक्ती | नॅमॅ | नुओ | ने |
|---|---|---|---|
| गेनेतीवि | नॅइदेन | नोइदेन | नीदेन |
| पार्तितीवि | नॅइतॅ | नोइता | नीतॅ |
| इनेस्सीवि | नॅइस्सॅ | नोइस्सा | नीस्सॅ |
| एलातीवि | नॅइस्तॅ | नोइस्ता | नीस्तॅ |
| इल्लातीवि | नॅइहिन | नोइहिन | नीहिन |
| आदेस्सीवि | नॅइल्लॅ | नोइल्ला | नील्लॅ |
| आब्लातीवि | नॅइल्तॅ | नोइल्ता | नील्तॅ |
| आल्लातीवि | नॅइल्ले | नोइल्ले | नील्ले |
| एस्सीवि | नॅइनॅ | नोइना | नीनॅ |
| त्रान्स्लातीवि | नॅइक्सि | नोइक्सि | नीक्सि |

गेनेतीविमध्ये ‘नॅइत्तेन, नोइत्तेन, नीत्तेन’ हीसुद्धा शुद्ध रूपं आहेत. ऐकली तर दचकू नका, लिहिताना एक निवडा.

> सावध: एकवचनात ‘सीनॅ’ म्हणजे ‘त्यात’. त्यावरून अनेकवचनात ‘नीनॅ’ म्हणजे ‘त्यांत’ असा हिशेब करू नका. अनेकवचनात प्रत्यय पुन्हा नियमित होतात: ‘त्यांत’ म्हणजे नीस्सॅ. ‘नीनॅ’ हा एस्सीवि आहे. तसंच ‘नीतॅ’ पार्तितीवि, ‘त्यांच्याविषयी’ नीस्तॅ.

## टप्पा 5: नामाला तीच विभक्ती, पण त्याच्या पद्धतीनं

आता नाम. विभक्ती जुळली पाहिजे. आवाज जुळायची गरज नाही. यमक साधायला जाल तर फसाल.

‘या घरात (जाताना)’: सर्वनाम तॅहॅन, नाम तालोओन. दोन्ही इल्लातीवि, पण प्रत्ययांचं तोंड वेगळं. खोली (हुओने) असेल तर तॅहॅन हुओनेएसेएन. तालो, हुओने आणि तॅमॅ हे तिघे इल्लातीवि तीन तऱ्हांनी बनवतात. ‘तालोहोन’ नाही.

पार्तितीवितही तेच: तॅतॅ तालोआ, तॅतॅ हुओनेत्ता, तुओता किर्याआ.

स्वरांचा मेळही प्रत्येकाचा स्वतंत्र. ‘तॅस्सॅ’मध्ये ॲ, ‘तालोस्सा’मध्ये आ. एकाचा स्वर दुसऱ्यावर ओतून ‘तॅस्सा तालोस्सा’ किंवा ‘तॅस्सॅ तालोस्सॅ’ करू नका. प्रत्ययातला स्वर त्या त्या शब्दाच्या अंगाकडे बघून ठरतो, शेजाऱ्याकडे बघून नाही.

मध्ये विशेषण आलं तर त्यालाही तीच विभक्ती: ‘तॅस्सॅ ऊदेस्सा तालोस्सा’, या नव्या घरात. इथेही आपल्या ‘नव्या’सारखं नुसतं सामान्यरूप पुरत नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. विभक्ती जुळते ती सर्वनाम नामाला चिकटून आलं तरच. ‘नॅमॅ ओवात किर्योया’ (ही पुस्तकं आहेत) यात ‘नॅमॅ’ हा कर्ता, मूळ रूपात, ‘किर्योया’ पार्तितीविमध्ये. मध्ये क्रियापद आलं की जोडी सुटली.

## टप्पा 6: ‘तॅल्लॅ’ की ‘तॅॲल्लॅ’? स्थळवाचक शब्द वेगळे काढा

‘इथे, तिथे’ यांच्यासाठी याच कुळातले, पण कोष्टकाबाहेरचे शब्द आहेत:

- तॅॲल्लॅ (इथे), तॅॲल्तॅ (इथून), तॅन्ने (इकडे)
- तुओल्ला (तिथे), तुओल्ता (तिथून), तुओन्ने (तिकडे)
- सिएल्लॅ, सिएल्तॅ, सिन्ने: तेच, पण ‘से’च्या अर्थानं

‘तॅल्लॅ बुस्सिल्ला’ म्हणजे या बसनं. ‘तॅॲल्लॅ’ म्हणजे या भागात. एका स्वराच्या लांबीचा फरक. ‘तुओल्ला’ आणि ‘तुओल्ता’ मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून ‘किर्या ओन तुओल्ला तुओलिल्ला’चे दोन अर्थ निघतात: पुस्तक त्या खुर्चीवर आहे, किंवा पुस्तक तिथे, खुर्चीवर आहे. संदर्भानं कळतं. ‘तिकडे’ जाताना ‘तुओल्ले’ नाही, ‘तुओन्ने’. ‘तुओल्ले’ म्हणजे ‘त्याला, त्यावर’.

‘तॅस्सॅ’ एकटं आलं तर ‘अगदी इथे, या जागी’. ‘तॅॲल्लॅ’ म्हणजे ‘इथे, या परिसरात’. टेबलावर बोट ठेवून ‘तॅस्सॅ’, शहराबद्दल ‘तॅॲल्लॅ’: ‘तॅॲल्लॅ एस्पोओस्सा साताआ’, इथे एस्पोत पाऊस पडतोय. एस्पोकडे येताना ‘तॅन्ने एस्पोओसेएन’.

> सावध: ‘तॅस्सॅ तालोस्सा’ म्हणजे या घरात. ‘तॅॲल्लॅ तालोस्सा’ म्हणजे इथे, घरात. दुसरं वाक्य व्याकरणानं शुद्ध असल्यामुळे चूक झाल्याचं कळतही नाही. अर्थ मात्र हलतो.

## टप्पा 7: पुढे वाक्य जोडायचं असेल तर

इथे मराठी मदतीला येते. ‘तू आलास याचा मला आनंद आहे’ असं आपण म्हणतो, म्हणजे अख्ख्या वाक्याच्या जागी सर्वनाम ठेवून त्याला विभक्ती लावतो. फिनिश हेच करते, फक्त क्रम उलटा आणि सर्वनाम ‘से’:

- ओलेन इलोइनेन सीतॅ, एत्तॅ तुलित. (तू आलास याचा मला आनंद आहे.)
- लुओतान सीहेन, एत्तॅ हॅन तुलेए. (तो येईल यावर माझा विश्वास आहे.)

विभक्ती मुख्य क्रियापद किंवा विशेषण ठरवतं, म्हणजे पुन्हा तिसरा टप्पाच. एत्तॅच्या आधी स्वल्पविराम लागतोच.

जो-तो रचनाही ओळखीची: ‘पिदॅन सीतॅ तालोस्ता, योस्सा आसुन’, ज्या घरात मी राहतो ते घर मला आवडतं. ‘सीतॅ’ची विभक्ती ‘पिदॅन’ ठरवतं, ‘योस्सा’ची ‘आसुन’. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यांना जुळवत बसू नका.

## एक वाक्य, सगळे टप्पे

‘मी त्या खोलीत जातो.’ खोलीचा विषय आधी निघालाय, समोर नाही.

1. बोट दाखवता येत नाही: से.
2. एक खोली: एकवचन.
3. जाणं, आत: इल्लातीवि.
4. से, इल्लातीवि: सीहेन.
5. हुओने, इल्लातीवि: हुओनेएसेएन.
6. नाम सोबत आहे, म्हणून ‘सिन्ने’ नको.

मेनेन सीहेन हुओनेएसेएन. टप्पे उडवून लिहिलं की बहुधा ‘सेन हुओनेएसेएन’ होतं, आणि आता त्याचं कारण तुम्हाला दिसेल: ‘सेन’ म्हणजे ‘त्या’ असं धरलं, विभक्तीचं नाव घेतलंच नाही.

## बोलीतली रूपं: ओळखा, पण घाई नको

बसमध्ये, ऑफिसात ‘तॅमॅ’ क्वचितच ऐकू येईल. तिथे ‘तॅॲ’ असतो, ‘नॅमॅ’चा ‘नॅॲ’. ‘तुओ’चा ‘तोइ’ होतो आणि त्याची रूपं आखूड होतात: तोन, तोता, तोस्सा, तोस्ता, तोहोन, तोल्ला. ‘नुओ’चा ‘नोइ’. ‘तॅमॅन’चा ‘तॅन’. ‘से’ आहे तसाच. विभक्तीचं यंत्र मात्र जसंच्या तसं चालतं, ‘तोस्सा तालोस्सा’. बोली बोलायला हरकत नाही, पण एका परिच्छेदात ‘तॅमॅन’ आणि ‘तोस्सा’ एकत्र लिहू नका.

## सराव

उत्तरं झाकून ठेवा. प्रत्येक वाक्यात आधी विभक्तीचं नाव लिहा.

1. मी त्या (समोर दिसणाऱ्या) गाडीत आहे.
2. मला ही घरं आवडतात.
3. मी ते (आधी बोललो ते) पुस्तक विकत घेत नाही.
4. या दोन पुस्तकांत.
5. आम्ही त्या (आधी बोललो त्या) घरांत राहायला जातोय.
6. या वर्षी मी त्या (आधी बोललो त्या) अभ्यासवर्गात भाग घेतो.

उत्तरं

1. इनेस्सीवि. ओलेन तुओस्सा आउतोस्सा.
2. एलातीवि, अनेकवचन. पिदॅन नॅइस्तॅ तालोइस्ता.
3. नकार, म्हणून पार्तितीवि. एन ओस्ता सितॅ किर्याआ. ‘सीतॅ’ लिहिलं असेल तर चौथा टप्पा पुन्हा वाचा.
4. इनेस्सीवि. नॅइस्सॅ काह्देस्सा किर्यास्सा. नाम एकवचनी.
5. इल्लातीवि, अनेकवचन. मूताम्मे नीहिन तालोइहिन.
6. काळासाठी एस्सीवि, क्रियापदासाठी इल्लातीवि. ओसाल्लिस्तुन तॅनॅ वुओन्ना सीहेन कुर्स्सीन.